कुत्रा चावला, ओरखडला किंवा जखमेवर चाटला तर काय कराल? कुत्र्यामुळे माणसाला होणारे आजार आणि ते टाळण्याचे उपाय

शेताची राखण, वाड्यावर पहारा, मेंढरांमागे सोबत. कुत्र्याशिवाय गाव नाही. पण याच कुत्र्याकडून काही आजार माणसाला होतात. त्यातला सर्वात घातक रेबीज. तो एकदा अंगात उमटला की त्यावर औषध नाही, माणूस जवळपास कधीच वाचत नाही. मात्र चावल्यानंतर वेळेत जखम धुतली आणि लसीचा कोर्स पूर्ण केला तर हाच आजार जवळजवळ शंभर टक्के टाळता येतो. आयसीएमआरच्या अलीकडच्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे ५,७०० माणसं रेबीजने दगावतात. लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळत असूनही हे मृत्यू होतात. जखम छोटी म्हणून दुर्लक्ष, देवऋषाकडे घालवलेला वेळ आणि अर्धवट सोडलेले डोस ही त्यामागची नेहमीची कारणं आहेत.

रेबीजसोबतच पोटात पाण्याची गाठ करणारा जंत, लहान मुलांच्या डोळ्यापर्यंत जाणारे जंत, गोचिडाचा ताप आणि कातडीचे आजारही कुत्र्यामुळे होऊ शकतात. प्रत्येकाची माहिती खाली दिली आहे.

एका नजरेत

- कुत्रा चावला की आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा.
- त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुत्रा पाळीव असला तरी.
- जखमेवर हळद, मिरची, चुना, तंबाखू, तेल काहीही लावू नका.
- रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शन लागतं. ते डॉक्टरांना विचारा.
- सगळे डोस ठरलेल्या तारखेलाच घ्या.
- घरच्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस द्या.

रेबीज कसा पसरतो?

रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. चावा, नखाचा ओरखडा किंवा उघड्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात गेलेली लाळ यातून तो माणसाच्या अंगात शिरतो. तिथून तो नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. म्हणूनच आजार लगेच दिसत नाही. साधारण १ ते ३ महिने लागतात, कधी आठवडाभरात तर कधी वर्षभरानेही लक्षणं येतात. चावा चेहऱ्यावर, मानेवर किंवा हातावर असेल तर मेंदू जवळ, त्यामुळे धोका लवकर.

हा मधला काळ हीच उपचाराची संधी असते. विषाणू मेंदूत पोचण्याआधी शरीरात प्रतिकारशक्ती तयार झाली पाहिजे. चावलेल्या जागी मुंग्या येणं, ताप, मग पाणी पिताना घशात आचके, वाऱ्याची झुळूकही सहन न होणं, भ्रम होणं, अशी लक्षणं सुरू झाली की वेळ हातातून गेलेली असते. अशा माणसाला "बाहेरची बाधा" झाली असं समजून फिरवत राहतात, तेही चूकच.

माणसांमधले जवळपास ९९ टक्के रेबीज कुत्र्यांमुळे होतात. पण मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा, लांडगा यांच्या चाव्यालाही तितकंच गंभीर घ्यायला हवं.

पहिली १५ मिनिटे

हा उपाय घरी, शेतात, कुठेही करता येतो आणि त्याला पैसे लागत नाहीत.

१. नळ, हापसा किंवा मोटारीच्या पाण्याची धार जखमेवर धरा. पाणी धरून ठेवलेलं असेल तर तांब्याने ओतत राहा.

२. अंगाचा साबण, कपड्याचा साबण, जो हाताशी असेल तो वापरा. साबणाने हा विषाणू नष्ट होतो. घड्याळ लावून १५ मिनिटे धुवा. दोन मिनिटांत आटोपू नका.

३. धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडीनसारखं जंतुनाशक असेल तर लावा.

४. जखम उघडी ठेवा. घट्ट पट्टी बांधू नका. शक्यतो टाके घालत नाहीत. मोठ्या जखमेला गरज पडलीच तर जखमेत इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर तो निर्णय घेतात.

५. दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारा.

हळद, मिरची पूड, चुना लावल्याने विषाणू मरत नाही. उलट जखम चिघळते आणि तो आत ढकलला जातो. झाडपाला, मंत्रलेला धागा यांनी रेबीज थांबत नाही. देवळात नारळ फोडायचा असेल तर फोडा, पण पहिली सुई घेऊन आल्यावर.

जखमेचे तीन प्रकार

डॉक्टर जखम पाहून उपचार ठरवतात. साधा हिशोब असा:

- पहिला प्रकार: कुत्र्याला हात लावला, खाऊ घातलं, किंवा त्याने धड कातडीवर चाटलं. हात धुवा. लस लागत नाही.
- दुसरा प्रकार: दात किंवा नख लागलं, खरचटलं, पण रक्त नाही. जखम धुवा आणि लस घ्या.
- तिसरा प्रकार: दात घुसला, रक्त आलं, किंवा फुटलेल्या कातडीवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली. जखम धुवा, लस घ्या आणि शिवाय जखमेत द्यायचं इंजेक्शन घ्या.

रक्ताचा एक थेंब आला तरी तो तिसरा प्रकार. "थोडंच लागलंय" असं म्हणून घरी थांबण्यासारखं यात काही नाही. चेहरा, डोकं किंवा हाताच्या बोटांना चावा असेल तर एक तासही घालवू नका.

लस कधी कधी घ्यायची?

पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात ही धास्ती आजही अनेक गावांत आहे. ती जुनी लस भारतात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी दंडाच्या कातडीत बारीक सुईने लस देतात. पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. प्रत्येक वेळी दोन्ही दंडांवर एकेक. दुसरी पद्धत स्नायूत देण्याची. त्यात ०, ३, ७, १४ आणि २८ असे पाच डोस असतात. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत.

इथे एक घोळ नेहमी होतो. पहिली सुई घेतली तो दिवस "शून्य" धरायचा. समजा पहिला डोस सोमवारी झाला, तर दुसरा गुरुवारी, तिसरा पुढच्या सोमवारी आणि शेवटचा बरोबर चार आठवड्यांनी सोमवारी. तारखा मोबाइलमध्ये अलार्म लावून ठेवा, कार्डाचा फोटो काढून ठेवा.

लस कुल्ल्यावर देत नाहीत, तिथे तिचा परिणाम नीट होत नाही. मोठ्यांना दंडात आणि तान्ह्या बाळांना मांडीत देतात.

ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, मेंढपाळ, वीटभट्टीवरचे मजूर यांचे डोस मध्येच सुटतात, कारण मुक्काम बदलतो. कार्ड सोबत असेल तर पुढचा डोस दुसऱ्या तालुक्यातल्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यातही घेता येतो. एखादी तारीख चुकलीच तर कोर्स सोडून देऊ नका. लगेच जा, डॉक्टर पुढचं ठरवतील.

जखमेतलं इंजेक्शन: सर्वात जास्त राहून जाणारी गोष्ट

लस घेतल्यावर शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. तोपर्यंत जखमेतला विषाणू मोकळा. म्हणून रक्त आलेल्या जखमेत तयार प्रतिपिंडं थेट टोचतात. याला इम्युनोग्लोब्युलिन किंवा दवाखान्याच्या भाषेत "सीरम" म्हणतात. अलीकडे त्याच कामासाठी मोनोक्लोनल अँटिबॉडीचं इंजेक्शनही मिळतं.

हे इंजेक्शन प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असेलच असं नाही. त्यामुळे लसीचा पहिला डोस आरोग्य केंद्रात घ्या आणि तिथूनच विचारा: "सीरम कुठे मिळेल?" ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालयात जायची चिठ्ठी घ्या. शक्यतो त्याच दिवशी घ्यायचं. काही कारणाने राहिलं तर पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत घेता येतं, त्यानंतर उपयोग नाही.

जखमेत सुई टोचली की दुखतं, लहान मुलं रडतात. पण त्यासाठी ते टाळू नका.

कुत्र्यावर दहा दिवस नजर

चावलेला कुत्रा माहितीतला असेल तर त्याला मारू नका. बांधून ठेवा, अन्नपाणी द्या आणि दहा दिवस पाहा. कुत्र्याच्या लाळेत विषाणू आला असेल तर तो सहसा या दहा दिवसांत आजारी पडून मरतो. दहाव्या दिवशी कुत्रा ठणठणीत असेल तर उरलेल्या डोसचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील.

मात्र दहा दिवस वाट पाहून मग लस घेऊ, हा हिशोब जिवावर बेततो. लस लगेच सुरू करायची आणि कुत्र्यावर नजर सोबत ठेवायची. कुत्रा पळून गेला, सापडला नाही किंवा मारला गेला, तर तो पिसाळलेलाच होता असं धरून पूर्ण कोर्स घ्यायचा.

पिसाळलेलं जनावर कसं ओळखाल?

सगळेच पिसाळलेले कुत्रे अंगावर धावून येत नाहीत. दोन प्रकार दिसतात:

- चवताळलेला: कारण नसताना चावतो, काठी, दगड, लाकूड काहीही चावतो, गावोगाव भटकतो, आवाज बदलतो, तोंडातून लाळ गळते.
- मुका: अंधारात कोपरा धरून बसतो, खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही, मागचे पाय लुळे पडतात. घशात हाड अडकल्यासारखं वाटतं.

दुसरा प्रकार फसवा आहे. गाय, बैल, म्हैस यांनाही पिसाळलेला कुत्रा चावला की रेबीज होतो. जनावर चारा खात नाही, लाळ गाळतं, वेगळ्याच आवाजात हंबरतं. घशात काही अडकलं असेल म्हणून मालक तोंडात हात घालतो आणि हाताला साधं खरचटलेलं असलं तरी लाळ तिथे लागते. अशा जनावराच्या तोंडात हात घालू नका. वेगळं बांधा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलवा. गुरांच्या उपचारासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे.

निरोगी गुराला कुत्रा चावला असेल तर त्याची जखमही हातमोजे घालून साबणाने धुवा. गुरांनाही चावल्यानंतरच्या लसीचा कोर्स असतो, तो त्याच दिवशी सुरू करा. रेबीजने मेलेलं जनावर सोलू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

म्हशीचं दूध प्यायलं, आता काय?

पिसाळून मेलेल्या म्हशीचं दूध गावभर गेलं आणि दवाखान्यासमोर रांग लागली, असे प्रकार राज्यात घडतात. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही. कच्च्या दुधातूनही माणसाला रेबीज झाल्याचा पुरावा नाही. तरीही आजारी जनावराचं दूध काढू नये, पिऊ नये आणि डेअरीला घालू नये. कच्चं दूध प्यायलं असेल तर न घाबरता डॉक्टरांचा सल्ला घ्या. ज्यांनी त्या जनावराची धार काढली, तोंडात हात घातला किंवा लाळ हाताला लागली, त्यांनी मात्र दवाखान्यात गेलंच पाहिजे.

मुलं सांगत नाहीत, आपण विचारायचं

कुत्र्याच्या चाव्यात लहान मुलांचं प्रमाण मोठं असतं. उंची कमी, त्यामुळे चावा चेहऱ्यावर किंवा डोक्यावर बसतो. त्यात "कुत्र्याची खोड काढली" म्हणून मार बसेल या भीतीने मूल घरी सांगतच नाही. छोटा ओरखडा चड्डीखाली, बाहीखाली लपतो. महिन्याभराने ताप येतो तेव्हा कुणाला काही आठवत नाही.

म्हणून घरात आणि शाळेत मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगा: कुत्र्याने चावलं, ओरखडलं, जखमेवर चाटलं तर लगेच सांगायचं, कुणीही रागावणार नाही. आंघोळ घालताना अंगावर खुणा दिसल्या तर विचारा.

मुलांना हेही शिकवा:

- खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीला हात लावायचा नाही.
- कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही. हात अंगाशी धरून स्थिर उभं राहायचं, डोळ्यात डोळे घालायचे नाहीत.
- खाली पडलं तर चेहरा आणि मान हातांनी झाकून पोटाशी पाय घ्यायचे.

मटणाची आतडी आणि पोटातली पाण्याची गाठ

हा आजार कमी लोकांना माहीत आहे. जत्रा, कंदुरी, आखाड, बकरी ईद किंवा रोजचं मटणाचं दुकान, कापलेल्या बकऱ्या-मेंढीचं फुप्फुस, आतडी, खराब काळीज कुत्र्यांपुढे टाकलं जातं. त्या मांसात पाण्याने भरलेल्या पांढरट गाठी असतील तर कुत्र्याच्या पोटात एक बारीक पट्टकृमी वाढतो. जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, डोळ्याला दिसत नाहीत. ती गवतावर, भाजीवर, पाण्यात आणि कुत्र्याच्या केसांवर राहतात.

गवत खाऊन मेंढी-बकरीला आणि न धुतलेल्या हाताने जेवून माणसाला तीच अंडी पोटात जातात. मग काळजात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ हळूहळू वाढते. वर्षानुवर्षं कळत नाही. पोट दुखतं, जड वाटतं, खोकला येतो आणि सोनोग्राफीत गाठ दिसते. अनेकांना ऑपरेशन करावं लागतं. गाठ आत फुटली तर जीव धोक्यात येतो.

हे थांबवणं सोपं आहे:

- कापलेल्या जनावराचे टाकाऊ अवयव कुत्र्याला कच्चे घालू नका. खोल पुरा, किंवा अर्धा तासाहून जास्त चांगले उकळूनच द्या.
- घरच्या आणि मेंढरांमागच्या कुत्र्याला पट्टकृमीचं औषध द्या. प्राझिक्वान्टेल हे त्याचं नाव. जंताच्या प्रत्येक गोळीत ते नसतं, म्हणून गुरांच्या दवाखान्यात विचारून घ्या.
- कुत्र्याला हाताळल्यावर, जेवणाआधी हात साबणाने धुवा. पालेभाजी, कोथिंबीर स्वच्छ पाण्यात धुवा.

इतर आजार थोडक्यात

- गोल जंत: पिल्लांच्या पोटात हमखास असतात. अंगणातल्या मातीतून मुलांच्या तोंडात जातात. कधी लिव्हरपर्यंत तर कधी डोळ्यापर्यंत पोचतात. पिल्लाला दोन आठवड्यांचं झाल्यापासून जंताचं औषध सुरू करा.
- अंकुश कृमी: अनवाणी चालताना ओल्या मातीतून पायात शिरतो, कातडीखाली वेड्यावाकड्या खाजऱ्या रेषा उठतात. चप्पल घाला.
- गोचीड ताप: कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडामुळे ताप, डोकेदुखी आणि अंगावर पुरळ येऊ शकतं. गोचीड नखाने चिरडू नका. चिमट्याने ओढून काढा, हात धुवा. ताप आला तर डॉक्टरांना गोचिडाचं आवर्जून सांगा.
- लेप्टो: मुख्यतः उंदरांमुळे, पण कुत्र्याच्या लघवीतूनही पसरतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात, चिखलात काम करताना पायाची जखम झाका.
- खरूज, गजकर्ण: केस गळालेल्या, खाजवणाऱ्या कुत्र्याला मुलांनी कुरवाळू नये. कुत्र्यावरही उपचार करा.

घरच्या कुत्र्यासाठी काय करायचं?

तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस, मग पशुवैद्य सांगतील तेव्हा बूस्टर आणि पुढे दरवर्षी एक. लसीचं कार्ड जपून ठेवा. जंताचं औषध साधारण दर तीन महिन्यांनी. शेतावरचा, वाड्यावरचा कुत्रा "तो काही कुणाला चावत नाही" म्हणून सोडू नका. रात्री पिसाळलेल्या कुत्र्याशी झुंज होते ती त्याचीच.

ग्रामपंचायतीचं काम

भटकी कुत्री मारून रेबीज थांबत नाही. मोकळ्या जागेवर शेजारच्या गावातली, लस नसलेली कुत्री येतात. शिवाय त्यांना मारणं कायद्यातही बसत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे, त्यात ग्रामपंचायतही येते.

गावातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस दिली तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोव्यात हे करून दाखवलं आहे. तिथे सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने कुत्र्यांचं लसीकरण वाढवत वर्षाला सुमारे ९५ हजारांवर नेलं. २०१८ पर्यंत माणसांचे रेबीज मृत्यू शून्यावर आले आणि कुत्र्यांमधला रेबीज ९० टक्क्यांहून जास्त घटला.

ग्रामसभेत विचारण्यासारखे प्रश्न:

- गावात कुत्री किती, लस किती जणांना झाली?
- पशुवैद्यकीय दवाखान्याकडे लसीकरण शिबिराची मागणी केली आहे का? २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन त्यासाठी चांगला दिवस आहे.
- मटण-चिकनच्या दुकानांचा कचरा कुठे जातो? उकिरड्यावर मांस असेल तर कुत्री वाढणारच.
- आपल्या आरोग्य केंद्रात आज लस शिल्लक आहे का? सीरम जवळात जवळ कुठे आहे?

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गरोदर बाईला, बाळंतिणीला लस चालते का?
चालते. तान्ह्या बाळालाही चालते.

कुत्र्याला लस दिलेली आहे, तरी दवाखान्यात जायचं?
हो. जखम धुवा आणि कार्ड घेऊन जा. निर्णय डॉक्टर घेतील.

मागे एकदा पूर्ण कोर्स घेतला होता. आता पुन्हा चावला तर?
जखम धुवायचीच. साधारणपणे पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस लागतात, सीरम लागत नाही. जुनं कार्ड दाखवा.

महिना झाला, तेव्हा लस घेतली नव्हती. आता उपयोग आहे?
आहे. लक्षणं नसतील तर उशिरा का होईना, आजच सुरू करा.

वांगं, तेलकट, आंघोळ बंद करायची का?
नाही. लसीसाठी कुठलंही पथ्य नाही. नेहमीचं जेवण, नेहमीची कामं चालतात.

उंदीर चावला तर?
घरातल्या उंदराच्या चाव्याला सहसा रेबीजची लस लागत नाही. तरी जखम धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

लक्षात ठेवायचे नंबर: रुग्णवाहिका १०८, आरोग्य सल्ला १०४, जनावरांसाठी १९६२. आपल्या आरोग्य केंद्राचा आणि आशाताईंचा नंबर आजच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.